ठाण्यात छोटं बुटीक आहे. सोशल मीडिया स्वतः सांभाळावं की एजन्सीला द्यावं? महिन्याचं बजेट किती ठेवावं?

एजन्सीला देऊ नका, निदान आत्ता तरी.

नौपाड्यात आमचं शिवलेल्या नऊवारींचं दुकान आहे, माझं आणि जाऊबाईंचं. मापं आणि शिवण माझ्याकडे, हिशेब आणि बाहेरची कामं त्यांच्याकडे. मी नको नको म्हणत असताना त्यांनी सोशल मीडिया एका एजन्सीकडे दिलं. महिन्याला इतक्या पोस्ट, इतके रील्स, असं पॅकेज. सणांच्या शुभेच्छा, सुविचार आणि जे गाणं चालू असेल ते. फॉलोअर वाढले, नाही कशाला म्हणू? पण मेसेज यायचे इंदूर, रायपूर, दिल्लीहून, 'प्राइस प्लीज' एवढेच. घोडबंदर रोड, कळवा, मुलुंड इथून कोणी नाही. आणि नऊवारीला तर माप द्यायला बाईनं दुकानात यावं लागतं!

मग ऐन लग्नसराईत कोलशेतहून एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि फोन पुढे केला. "ताई, अगदी हीच हवी." आमच्याच पेजवरचा फोटो. हिरवी पेशवाई, जांभळा काठ. बघताक्षणी कळलं, ही आमची नाही. मी काष्ट्याचा काठ वेगळा कापून जोडते, तो मागे मधोमध सरळ खाली उतरतो. फोटोतला काठ पोटरीपाशी तिरपा गेला होता आणि निऱ्या नुसत्या इस्त्रीनं दाबून बसवलेल्या. एजन्सीनं फोटो कुठून तरी उचलला होता. मी बाईंना खरं ते सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग बाकीचे तरी तुमचे आहेत का?" दुकानात दुसरी गिऱ्हाइकं उभी होती. त्या दोघी गेल्या त्या परत आल्या नाहीत.

काम बंद करायला गेलो तर पेज आमच्या हातात नव्हतंच. त्यांनी ते स्वतःच्या बिझनेस मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजेस आणि जाहिराती सांभाळायचं मेटा कंपनीचं खातं) उघडलेलं, आम्हाला फक्त पोस्ट टाकण्यापुरता अ‍ॅक्सेस. जाहिरातींचं खातंही त्यांचंच. ते पेज सोडून द्यावं लागलं. नवीन उघडलं ते मी सांभाळते.

आता चालतं काय, ते सांगते. दुकानात बायका आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात: नऊवारीत वॉशरूमला कसं जायचं? त्याचाच व्हिडिओ केला. साडी पुतळ्यावर चढवली, नाडी कुठे आहे, हुक कुठे, काढून पुन्हा घालताना काष्टा कसा जागचा हलत नाही, ते हातानं दाखवलं. गाणं नाही, माझाच आवाज. (तसंही बिझनेस खात्याला चालू फिल्मी गाणी बहुतेक मिळत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो.) तो व्हिडिओ मंगळागौरीच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला आणि बायका तो दाखवत दुकानात आल्या. तुमच्या गिऱ्हाइकाला विचारायची लाज वाटते असा प्रश्न शोधा. तो पंचविशीतल्या कंटेंट रायटरला माहीत नसतो, काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला माहीत असतो. माझं जाऊबाईंशी भांडण होतं ते हेच.

रोज पोस्ट टाकायची काही गरज नाही, वेळ साधा. पाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेसाठी नऊवाऱ्या लागतात, म्हणून आमचे फोटो संक्रांत झाली की सुरू. पाडव्याच्या सकाळी शुभेच्छा टाकून काय मिळणार, तोवर शिवणाच्या ऑर्डरी संपलेल्या असतात.

जाहिरात करताना लोकांनी मेसेज करावा हा उद्देश निवडा. लाइक मागितले तर मेटा लाइक करणारी माणसं शोधून देतं, गिऱ्हाईक नाही. नकाशावर दुकानाची पिन टाकून आजूबाजूचे किलोमीटर ठरवता येतात, अख्खा महाराष्ट्र निवडू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून साडी हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्यायचा. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, ती आधी करा.

बजेटचा आकडा तुमचा सीझन आणि माल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मी बारा महिने सारखा खर्च करत नाही, पाडवा, श्रावण आणि लग्नसराईच्या आधी करते, बाकी बंद.

हे सगळं माप घेऊन शिवणाऱ्या, आसपासच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाचं झालं. तुम्ही तयार कपडे कुरिअरनं देशभर पाठवत असाल तर हिशेब वेगळा, तिथे जाहिरातींचं काम जाणणारा माणूस लागतोच, आणि प्रामाणिक एजन्सीही असतात. गिऱ्हाइकाचा फोटो मात्र विचारल्याशिवाय टाकू नका, नवरीचा तर नाहीच.

जाऊबाई अजून म्हणतात, जुन्या पेजचे फॉलोअर गेले. गेले ते रायपूरचे, माप द्यायला येणारे नव्हतेच. आणि एजन्सी नेमायचीच असेल तर पेज आणि जाहिरात खातं आधी स्वतःच्या नंबरवर उघडा, फुल कंट्रोल स्वतःकडे ठेवा, मग त्यांना आत घ्या. फोटो फक्त तुमच्या मालाचे, हे करारात लिहून घ्या.