एक्स्चेंज लुटले गेले. चलनाचे काय होणार?

आभासी चलनाविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या शहापूर भागातील तीन पत्रे या वेळच्या सदरात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत आणि ज्या कंपन्यांविषयी त्यांची तक्रार आहे त्यांचीही नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे निपाणीत कापडाचे दुकान आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असून त्याच्या सांगण्यावरून गेल्या दोन वर्षांत मी सुमारे तीन लाख रुपये बिटकॉइन आणि इथर या चलनांत घातले. पिग्मीची मुदत संपली की ते पैसे तिकडे वळवीत असे. आमचे खाते ज्या एक्स्चेंजवर, म्हणजे आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या मंचावर, आहे तेथे मोठी चोरी झाल्याचे दीड महिन्यापूर्वी समजले आणि तेव्हापासून पैसे काढता येत नाहीत. मोबाइलवर मात्र माझी सर्व नाणी पूर्वीसारखीच दिसतात. मुलगा म्हणतो, “अण्णा, बिटकॉइन बुडत नाही, धीर धरा.” एवढ्या मोठ्या चोरीनंतर हे चलन टिकेल का? – एक व्यापारी, निपाणी

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते आधी सोडविले पाहिजेत. चलन टिकेल का, हा एक प्रश्न. तुमचे तीन लाख परत मिळतील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बिटकॉइन आणि इथरच्या बाबतीत ‘बहुधा होय’ असे आहे, परंतु त्यावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. तुमच्या मुलाचे म्हणणे खरे असले तरी तुमची काळजी ज्या गोष्टीची आहे तिला ते लागू पडत नाही.

तुम्ही निपाणीचे असल्यामुळे तंबाखूच्या वखारीचे उदाहरण घेतो. शेतकरी वखारीत माल ठेवतो आणि पावती घेऊन घरी जातो. वखार फुटली म्हणून तंबाखू हे पीक संपत नाही. बाजारात त्याची खरेदी-विक्री चालूच राहते. नुकसान होते ते पावती खिशात असलेल्या शेतकऱ्याचे. मोबाइलवर तुम्हाला जी नाणी दिसतात ती अशी पावती आहे. एक्स्चेंजने स्वतःच्या हिशेबात तुमच्या नावापुढे लिहिलेला तो आकडा असतो. खरी नाणी चलनाच्या सामाईक नोंदवहीत एक्स्चेंजच्या खात्यावर असतात आणि त्या खात्याची गुप्त किल्ली एक्स्चेंजकडे असते.

ही सामाईक नोंदवही म्हणजेच ब्लॉकचेन. तिची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर असते आणि नव्या नोंदी नियमाला धरून आहेत की नाहीत हे ते संगणक आपापले तपासतात. एक्स्चेंज लुटणारा चोर या वहीत खाडाखोड करीत नाही. तो किल्ली मिळवतो, किंवा किल्ली ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना फसवून सही करून घेतो. त्यानंतर होणारी नोंद वहीच्या दृष्टीने इतर कोणत्याही हस्तांतरासारखीच नियमशीर असते. म्हणूनच एक्स्चेंज बसले तरी चलनाची यंत्रणा एक दिवसही थांबत नाही.

याचा सर्वांत कठोर पुरावा टोकियोच्या माउंट गॉक्सचा आहे. एके काळी जगातील बिटकॉइनच्या एकूण उलाढालीपैकी बहुतांश उलाढाल या एकाच एक्स्चेंजवर होत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटात) सापडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये १,१०० डॉलरच्या वर गेलेला भाव जानेवारी २०१५ मध्ये २०० डॉलरच्या खाली उतरला. त्या घसरणीला चीनने घातलेल्या निर्बंधांसारखी इतर कारणेही होती, परंतु माउंट गॉक्सने दिलेला धक्का त्यात मोठा होता. तरीही व्यवहार हळूहळू इतर एक्स्चेंजवर गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये भाव २०,००० डॉलरच्या जवळ पोहोचला. याउलट माउंट गॉक्सच्या खातेदारांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडावा लागला. चलन तीन-चार वर्षांत सावरले आणि माणसे दहा वर्षे वाट पाहत बसली. मला या दोन आकड्यांमधील अंतर फार महत्त्वाचे वाटते, कारण ‘बिटकॉइन टिकले’ असे सांगणारे लोक त्याचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

वखारीचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते, तेही सांगितले पाहिजे. वखार जळाली तर माल नष्ट होतो आणि उरलेल्याचा भाव चढू शकतो. चोरीची नाणी मात्र नष्ट होत नाहीत; चोर ती कधी ना कधी मिळेल त्या भावाने विकणार, ही धास्ती बाजारावर राहते. शिवाय इतर एक्स्चेंजवरील खातेदारही घाबरून एकाच वेळी पैसे काढू लागतात. एखाद्या पतसंस्थेविषयी अफवा उठली की शेजारच्या गल्लीतील सुस्थितीतल्या संस्थेपुढेही रांग लागते, हे आपल्याकडच्या ठेवीदारांना वेगळे सांगायला नको. चलनाला खरी झळ बसते ती या रांगेची. ज्या चलनाची खरेदी-विक्री अनेक देशांत, अनेक एक्स्चेंजवर होते ते ही झळ सोसते.

आता तुमच्या पैशांविषयी. परतफेड होते की नाही, हे एक्स्चेंजच्या मालकांकडे स्वतःचे किती भांडवल आहे आणि न्यायालय काय ठरवते यावर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १.५ अब्ज डॉलरचे इथर चोरीस गेले आणि अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने त्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. तरी कंपनीने उसनवारी करून खातेदारांना पैसे काढू दिले. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्समधून १,१९,७५६ बिटकॉइन गेले, तेव्हा कंपनीने सर्व खातेदारांच्या शिलकेत सुमारे ३६ टक्के कपात केली आणि त्या बदल्यात दिलेली देणेपत्रे एप्रिल २०१७ पर्यंत फेडली. आपल्या देशात १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्समधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची नाणी गेली. ती त्या एक्स्चेंजच्या एकूण शिलकेच्या जवळपास निम्मी होती. पुढची प्रक्रिया सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालली आणि तेथील व्यवहार २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. ज्यांची नाणी चोरीस गेलेल्या प्रकारांतील नव्हती, त्यांनाही तोट्यातील वाटा उचलावा लागला.

बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण येथे नाही. त्यामुळे धीर धरण्यापेक्षा कागद गोळा करणे अधिक उपयोगाचे आहे. खात्याचे संपूर्ण विवरण, नाण्यांच्या संख्येसह पडद्याची छायाचित्रे, बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी आणि एक्स्चेंजकडून आलेले प्रत्येक ईमेल आजच उतरवून घ्या, कारण ॲप उद्या बंद पडले तर हेच पुरावे उरतील. दावा दाखल करण्याची मुदत जाहीर झाली तर ती चुकवू नका. १९३० या सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर आणि जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीच्या) पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. ती कन्नडमध्ये लिहून घेतली गेल्यास सही करण्यापूर्वी रकमा आणि तारखा बरोबर उतरल्या आहेत की नाहीत, हे कन्नड वाचणाऱ्या विश्वासू माणसाकडून तपासून घ्या. ‘तुमची नाणी सोडवून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगणाऱ्यांचे फोन तुम्हाला येतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : मी खानापूरचा निवृत्त शिक्षक आहे. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे गेले तर अर्ज केल्यावर ते परत येऊ शकतात. आभासी चलनात प्रत्येक नोंद सर्वांना दिसते, चोराचे खातेही दिसते, असे वाचले. मग हे चलन चालविणारे लोक एकत्र येऊन चोरीची नोंद पुसून का टाकत नाहीत? – एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, पुसता येते आणि ती पुसलीही गेली आहे. ऑगस्ट २०१० मध्ये बिटकॉइनच्या संगणक-प्रणालीतील एका चुकीमुळे १८४ अब्जांहून अधिक नाणी शून्यातून निर्माण झाली. वास्तविक त्या चलनाची कमाल मर्यादाच २ कोटी १० लाखांची आहे. काही तासांत दुरुस्त प्रणाली आली आणि ती नोंद असलेला वहीचा भाग सर्वांनी मिळून बाद ठरविला. तेव्हा बिटकॉइन वापरणारे थोडे होते आणि बिघाड वहीतच होता, त्यामुळे मतभेदाला फारशी जागा नव्हती.

जून २०१६ मध्ये वेळ अधिक कठीण आली. ‘द डीएओ’ या सामाईक गुंतवणूक-निधीच्या प्रणालीतील त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळते केले. हे एक्स्चेंज नव्हते, परंतु प्रश्न तुम्ही विचारला तोच होता. बऱ्याच वादानंतर २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी इथेरियम या इथरच्या वहीत बदल करून ते पैसे मूळ मालकांसाठी मोकळे केले. ज्यांना हा हस्तक्षेप मान्य नव्हता त्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली, आणि त्यातून इथेरियम क्लासिक हे वेगळे चलन उरले. चोरी भरून निघाली, पण चलनाची दोन शकले झाली.

त्यानंतर एक्स्चेंजवरील चोऱ्यांसाठी बिटकॉइन किंवा इथरच्या वहीत असा बदल झालेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये टोकियोच्या कॉइनचेक या एक्स्चेंजमधून नेम या चलनाची ५० कोटींहून अधिक नाणी गेली, तेव्हा त्या चलनाच्या प्रतिष्ठानने वही बदलण्यास नकार दिला आणि चोरीच्या नाण्यांवर फक्त खुणेची चिठ्ठी लावली. चोरांनी ती तरीही सवलतीत विकली. खातेदारांना कॉइनचेकने स्वतःच्या पैशातून प्रत्येक नाण्यामागे ८८.५४९ येन दिले. नेमची यंत्रणा चालू राहिली, पण त्या महिन्यातील भावाचे शिखर तिने पुन्हा कधी गाठले नाही.

नकाराचे कारण तुमच्या भागातील जमिनीच्या उताऱ्यावरून समजेल. बनावट सहीने जमीन विकली गेली आणि ती नोंद दुसऱ्याच आठवड्यात रद्द झाली, तर फारसे बिघडत नाही. दरम्यान ती जमीन तिघांनी पैसे मोजून घेतली असेल, एकाने तीवर कर्ज काढले असेल आणि दुसऱ्याने विहीर खणली असेल, तर पहिली नोंद पुसताना या सर्व निरपराध माणसांच्या नोंदी पुसाव्या लागतात. आभासी चलनात हे काही तासांतच घडते. बायबिटच्या चोरीनंतर इथेरियमची वही मागे नेण्याची मागणी काहींनी केली होती; ती न टिकण्याचे मुख्य कारण हेच होते.

माझे मत नोंद न पुसण्याच्या बाजूचे आहे आणि ते निपाणीच्या वाचकांना दुखावेल हे मला ठाऊक आहे. मोजक्या लोकांच्या बैठकीत जी वही बदलू शकते, तिच्यावर परक्या माणसाने विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र याचा अर्थ असा होतो की चलन टिकावे म्हणून लुटल्या गेलेल्या माणसाचा तोटा तसाच ठेवला जातो, आणि गुंतवणूक करण्यापूर्वी हे त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

प्रश्न : आमच्या भिशीतील दहा-बारा बायकांनी ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत नवीन डिजिटल कॉइन घेतले आहे. त्याची खरेदी-विक्री त्याच कंपनीच्या ॲपवर होते आणि रोज एक टक्का वाढ दाखवतात. ॲप हॅक झाले तर आमचे कॉइन टिकेल का? – एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, नाही. वर सांगितलेली चलने टिकली, कारण त्यांची वही आणि त्यांचे एक्स्चेंज वेगवेगळ्या हातांत होते. तुमच्या बाबतीत नाणे, वही, वखार आणि भाव ठरविणारा हे सर्व एकच आहेत, त्यामुळे ॲप बंद पडले की नाणेही संपले. फेब्रुवारी २०१८ मध्ये इटलीतील बिटग्रेल या एक्स्चेंजमधून नॅनो या चलनाची सुमारे १ कोटी ७० लाख नाणी गेली. त्या चलनाचा मोठा बाजार त्याच एक्स्चेंजवर होता, तरी त्याची वही स्वतंत्र असल्याने ते नाममात्र का होईना टिकले. तुमच्या कॉइनला तेवढाही आधार नाही. रोज एक टक्का म्हणजे वर्षात रक्कम ३७ पटींहून अधिक होणे. असा परतावा प्रामाणिकपणे कोणीही देऊ शकत नाही. अशा योजनांत ‘हॅक झाले’ ही पुष्कळदा पैसे घेऊन निघून जाण्याची सबब असते.

या आठवड्यातच प्रत्येकीने आपापली पूर्ण रक्कम काढण्याचा प्रयत्न करावा. ‘आणखी दोन जणी आणा’, ‘आधी कर भरा’ किंवा ‘तीन महिने थांबा’ असे उत्तर आले तर नवे पैसे मुळीच भरू नका. पैसे कोणाच्या हाती, कोणत्या तारखेस आणि कोणत्या खात्यात दिले ते सर्वजणींनी एका कागदावर लिहून काढा आणि एकत्रच सीईएन पोलीस ठाण्यात जा. ओळखीच्या गृहस्थांचा संकोच वाटतो असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्यांनी स्वतःचेही पैसे त्यात घातले असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.