सापावरचं औषध इतकं जुनं का?

प्रश्न : आमच्याकडे उसाच्या फडात दरवर्षी कुणाला ना कुणाला साप चावतो. विज्ञान एवढं पुढं गेलं, तरी सापाच्या लसीत नवं काही का येत नाही? आणि साप दिसलाच नाही, तर डॉक्टर कुठली लस देतात?
— एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : दुसरं आधी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस आहे. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणू नका. तोडलेलं मुंडकंही काही वेळ चावतं. डॉक्टर लक्षणं बघतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं, तर बहुधा घोणस किंवा फुरसं. प्लॅस्टिकची किंवा साबणाचा अंश राहिलेली नळी घेतली की चाचणी फसते, कारण रक्त गोठायला स्वच्छ काचेचा स्पर्श लागतो. मण्यारीत मात्र रक्त नीट गोठतं. दंशाची खूणही बऱ्याचदा सापडत नाही; पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात.

सुरुवातीला लसीच्या 8 ते 10 व्हायल (कुप्या), सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच. साप काही वजन बघून विष सोडत नाही. रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ती आवरणारं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी हवंच.

आता पहिला प्रश्न. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तातून औषध काढायची पद्धत 1890च्या दशकातली. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यातली. असा रुग्ण महाग औषध घेणार कुठून? मग कंपनी संशोधनात पैसा घालत नाही. सानोफीने आफ्रिकेतल्या सापांवरचं फॅव-आफ्रिक 2014 मध्ये बनवणं थांबवलं, तेही परवडेना म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला तो 2017 मध्ये. फारच उशिरा!

आपल्या लसीसाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे काही भागांत लस कमी पडते. सह्याद्रीतल्या चापडा या सापावर तर ती बनवलेलीच नाही.

तोवर हातात आहे ते करा. अंगठी, बांगड्या काढा. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. 108 बोलवा. लस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू करूनच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात हलवा. मण्यारीत व्हेंटिलेटर लागू शकतो. आणि खोपीत जमिनीवर झोपणाऱ्या तोडकऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचावी. मण्यार रात्रीच येते.