लाकडी दांड्याचा, पाइपचा शिक्का असलेला गोल्फ क्लब किती जुना, आणि त्याने खेळता येतं का?

तुमच्या मॅशीचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या या जुन्या गोल्फच्या काठीचा, दांडा खरोखर हिकरीचा (हे एक चिवट लाकूड) असेल तर तो बहुधा १९३० च्या आधीचा आहे, आणि दांडा शाबूत असेल तर त्याने आजही खेळता येतं. तंबाखूच्या पाइपचा शिक्का हा सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट यांचा. त्यांनी घडवलेली लोखंडी डोकी अनेक गोल्फ संस्थांचे प्रोफेशनल (पगारी खेळाडू-प्रशिक्षक) घेत, दांडा बसवत आणि आपलं नाव ठोकून विकत. म्हणून एकाच काठीवर दोन नावं दिसली तर बनावट समजू नका. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या नियामक संस्थेने स्टीलच्या दांड्यांना १९२९ मध्ये मान्यता दिली आणि मग हिकरी झपाट्याने मागे पडली. फक्त एक खात्री करा: १९३० च्या दशकात स्टीलवर लाकडी रंगाचं आवरण चढवलेले दांडेही निघाले, तेव्हा दांड्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर हिकरी नाही.

खेळण्याआधी दांडा डोक्यात शिरतो तिथे चीर आहे का, डोकं हलतं का ते तपासा. हिकरी मोडते ती बहुतेक तिथेच. मऊ चेंडू घ्या, स्विंग संथ ठेवा, सरावाच्या मैदानावरच्या (रेंजवरच्या) कडक चटईवर मारू नका. आणि कृपा करून डोकं ग्राइंडरने चकचकीत करू नका! शिक्के झिजले की ओळख गेली. तेलाचा बोळा पुरे.