लायसनचं कार्ड आधी उलटं करून बघ

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि माझेच ते दिवस आठवले. सहा वर्षं ट्रक चालवलास, हजार्डसचा, म्हणजे धोकादायक माल वाहण्याचा, तीन दिवसांचा कोर्स केलास, लायसन रिन्यूला टाकताना सर्टिफिकेट जोडलंस, नवीन कार्ड आलं. सोमवारी कागलला इथेनॉलच्या टँकरवर हजर व्हायचंय, अजून काही लागतं का, असं विचारलंयस.

आधी ते कार्ड उलटं कर. मागं बारीक अक्षरांत हजार्डस व्हॅलिडिटी लिहिलेलं असतं. त्यापुढं तारीख आहे का?

माझी ती जागा कोरी होती. मी फोटो बघितला, ट्रान्सपोर्टची तारीख बघितली आणि कार्ड खिशात घातलं. टँकर भरताना कुणी विचारलं नाही. डेपोच्या गेटवर मात्र तिथल्या माणसानं कार्ड उलटं केलं, त्या ओळीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं आणि परत दिलं. "तारीख नाही. गाडी साइडला घ्या." २० हजार लिटर माल घेऊन संध्याकाळपर्यंत उन्हात उभा होतो. मग मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला, मी त्याच्या हातात चावी दिली आणि एसटीनं घरी आलो.

चूक अशी झाली, की एजंटनं फक्त रिन्यूचा अर्ज भरला. हजार्डसची नोंद ही वेगळी मागणी असते, नुसतं सर्टिफिकेट जोडून ती होत नाही. मी पावती वाचलीच नाही. पण ज्या ऑफिसात कागद दिले, तिथल्या माणसानं सर्टिफिकेट हातात घेऊन, बघून, फाइलला टाचलं होतं. 'याचा अर्ज वेगळा कर' एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं नसतं का? नंतर पाच खेटे घातले. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. सात आठवडे गेले, त्यात लेकीच्या शाळेची फी थकली. आजही त्या खिडकीची आठवण आली की डोकं तापतं.

म्हणून सांगतो, पावतीवर कोणकोणती कामं लिहिलीत ते एकेक वाच. अस्सल सर्टिफिकेट कुणाच्या हाती सोडू नकोस. आणि हजार्डसची मुदत लायसनच्या मुदतीपेक्षा वेगळी असते. पूर्वी एकच वर्ष मिळायचं, २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं. रिन्यूला एक दिवसाचा रिफ्रेशर असतो. मी काही वकील नाही, नियम बदलतात, सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, एकदा स्वतः बघ.

वर्गात न बसता सर्टिफिकेट देणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. इथेनॉलची ज्योत दिवसा नीट दिसत नाही, आणि आग विझवायचा साधा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोलला चालणारा लागतो. हे मला वर्गातच कळलं. टँकरवर मालाचा नंबर असतो, १२०३ म्हणजे पेट्रोल, ११७० म्हणजे इथेनॉल, हेही तिथंच पाठ झालं. ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेला कागद, केबिनमध्ये हाताशी ठेव, सीटखाली कोंबू नकोस. नियमात एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी वाचता-लिहिता येण्याची अट आहे, त्यामुळं त्यावरचे शब्द आधीच वाचून ठेव.

तारीख नसेल तर आजच मालकाला फोन करून खरं काय ते सांग. महिनाभर थांबावं लागलं तरी थांब, पण सोमवारी ती गाडी भरू नकोस.