तीन शिट्ट्यांचा नेम

प्रश्न : मी सांगलीतील एका पतसंस्थेत लिपिक आहे. वय छत्तीस. लग्नाच्या घाईत पदवी राहून गेली, म्हणून दोन वर्षांपूर्वी मुक्त विद्यापीठात बी. कॉम.साठी नाव नोंदवले. दर वेळी नवी वही आणून, वेळापत्रक आखून मी अभ्यासाला बसते आणि आठ-दहा दिवसांत सारे बंद पडते. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. मुलगी पहिलीत आहे, सासूबाई थकल्या आहेत. सगळे आवरून पुस्तक उघडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. मुलगी पानांवर रेघोट्या ओढते म्हणून पुस्तके कपाटात साड्यांखाली ठेवली आहेत. घरात मला ‘आरंभशूर’ म्हणतात आणि आता मलाही ते खरे वाटू लागले आहे. अंगात जिद्दच नसेल तर ती आणायची कुठून?
— एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, ‘आरंभशूर’ हा शब्द आधी मनातून काढून टाका. दिवसभर संस्थेत आणि संध्याकाळभर घरात राबून जी बाई रात्री अकरा वाजता पुस्तक उघडते, तिच्या जिद्दीविषयी मला तरी शंका नाही. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि माझे लक्ष दुसऱ्याच दोन गोष्टींकडे गेले. अभ्यासाला तुम्ही जी वेळ दिली आहे ती सगळ्यांचे सगळे करून उरलेली वेळ आहे, आणि अभ्यासाची पुस्तके साड्यांच्या खाली आहेत. ज्या कामाला घरात ना जागा ना वेळ, ते काम रोज नव्याने आठवावे लागते, रोज नव्याने मनाशी ठरवावे लागते, आणि थकलेले मन असे ठरवणे फार दिवस करू शकत नाही.

तुमच्याच कचेरीतले उदाहरण घ्या. दिवसाची कीर्द जुळल्याशिवाय तुम्ही घरी जात नसणार. त्या वेळी ‘आज कीर्द जुळवण्याचा उत्साह आहे का’ असे तुम्ही स्वतःला विचारत नाही. व्यवहार बंद झाले, रोकड मोजली की हात आपोआप त्या नोंदींकडे वळतो, कारण त्या कामाच्या आधी काय येते आणि ते कोणत्या टेबलावर होते हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. अभ्यासालाही असाच एक ‘आधी’ हवा.

सकाळचा कुकर हा तुमचा ‘आधी’ होऊ शकेल. वरण-भाताचा कुकर गॅसवर चढवला की तीन शिट्ट्या होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. ओट्याशेजारी एक स्टूल ठेवा आणि मुलीचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, पुस्तक, वही आणि पेन एकत्र बांधून ठेवा. कुकरला शिट्टी लावली की स्टुलावर बसायचे आणि एकच उदाहरण सोडवायचे : एक रोजकीर्द नोंद आणि तिची खतावणी, बस्स. तिसरी शिट्टी झाली की वही मिटायची, उदाहरण अर्धे राहिले असेल तरीही. एवढ्याने बी. कॉम. होणार नाही हे मलाही कळते. अभ्यासाचा मोठा भाग रविवारी दुपारी दोन तास बसून करावा लागेल आणि ते दोन तास यजमानांनी मुलीला व सासूबाईंना सांभाळून तुम्हाला द्यावेत, असे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. घरातल्या बाईचे शिक्षण ही तिची एकटीची हौस नव्हे. परंतु रविवारी ज्या वहीकडे वळायचे ती सोमवार ते शनिवार रोज उघडलेली असली, तर रविवारी बसणे पुष्कळच सोपे जाते.

एकवीस दिवसांत सवय लागते, असे तुम्ही कुठेतरी ऐकले असेल आणि बाविसाव्या दिवशी मन वळले नाही म्हणून स्वतःला दोषही दिला असेल. हा आकडा १९६०च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून प्रचलित झाला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे ‘निदान’ हा शब्द गळाला आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोज एका ठरावीक प्रसंगानंतर एखादी साधी गोष्ट करायला सांगून त्यांच्यावर ८४ दिवस लक्ष ठेवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही.

याबाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी वीस वर्षे नेमाने सूर्यनमस्कार घालीत असे आणि हा नेम आता माझ्या रक्तात उतरला आहे, अशी माझी समजूत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले आणि आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे राहायला गेलो. तिथे जागा होती, वेळही होता, तरी एकही नमस्कार घातला गेला नाही. घरी परतल्यावर चिखल काढण्यात दिवस गेले, भिंती ओल्या राहिल्या, आणि दिवाळी उलटली तरी नेम सुटलेलाच होता. एके सकाळी पूर्वेच्या खिडकीखालचा कोपरा एकदाचा कोरडा झाला म्हणून तिथे सतरंजी अंथरली, आणि अंथरताना वाकलेली मी तशीच पहिल्या नमस्कारात गेले. वीस वर्षे मी ज्याला माझा निग्रह समजत होते, त्याचा बराचसा भाग त्या कोपऱ्यात आणि त्या सतरंजीत होता, हे मला त्या दिवशी कळले.

मार्चअखेर मात्र आधीच हिशेबात धरा. त्या महिन्यात पतसंस्थेत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणार, रविवारही कदाचित मिळणार नाही. तेव्हा उदाहरण सोडवू नका, पहिल्या शिट्टीपर्यंत एक परिच्छेद वाचा आणि वही मिटा. स्टुलावर बसणे तेवढे सोडू नका.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, वय बावीस. पोलीस भरतीची तयारी करतो. रात्री मोबाइलवर प्रेरणादायी भाषणे ऐकली की अंगात वीज संचारते, पण पहाटे गजर बंद करून झोपतो. ही प्रेरणा सकाळपर्यंत टिकवावी कशी?
— एक उमेदवार

उत्तर : ती टिकवण्याच्या मागे लागू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २४८ विद्यार्थ्यांचे गट केले होते. आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करायचा होता. काहींना काहीच विशेष दिले नाही. त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. काहींना व्यायामाचे महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला. त्यांच्यातले प्रमाण ३५ टक्के. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि शिवाय ‘मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन’ असे कागदावर लिहून दिले. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत भाषणे ऐकत असाल तर दुसऱ्या गटात आहात, आणि वर पहाटेची झोपही गमावता आहात.

फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजर तिथेच वाजू दे, म्हणजे बंद करायला उठून चालावे लागेल. बूट आणि मोजे उंबऱ्याशी ठेवा. गावातल्या दुसऱ्या उमेदवाराला साडेपाचला शाळेच्या मैदानावर भेटण्याचे नक्की करा, कारण कोणी थंडीत वाट पाहत उभे आहे हे ठाऊक असताना पांघरूण ओढणे अवघड जाते. भरतीत १६०० मीटर आहे, १०० मीटर आहे आणि गोळाफेकही आहे, म्हणून रोज जीव तोडून १६०० पळू नका. आठवड्यातले दोन दिवस सावकाश पळण्याचे राहू द्या.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. लाल मातीत घडलेल्या त्या मल्लाला तिथे मॅटवर लढावे लागले होते. कांस्यपदक मिळाले १९५२ मध्ये, हेलसिंकीला. मधली चार वर्षे टाळ्या वाजवायला कोणी नव्हते आणि तालीम मात्र चालूच होती. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले, हेही तुम्हाला ऐकायला आवडेल.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून जातो. पावसाळ्यात वाट निसरडी होते म्हणून खंड पडतो आणि मग दिवाळीपर्यंत पाय निघत नाही. काय करावे?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : काका, पावसाळ्यात किल्ला सोडा, पण वेळ सोडू नका. ज्या वेळी आपण घराबाहेर पडत होता त्याच वेळी तेच बूट घालून खाली उतरा आणि इमारतीच्या जिन्यात किंवा पत्र्याखालच्या गच्चीत अर्धा तास चाला. गुडघे कुरकुरत असतील तर जिना टाळा आणि आधी डॉक्टरांना विचारा. नवरात्राच्या सुमारास वाट कोरडी झाली की पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंतच जाऊन परत या. चार महिने पायांनी चढ पाहिलेला नसतो आणि पहिल्याच दिवशी माथा गाठला तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या उठू देत नाहीत. आठवडाभरात दरवाजापर्यंत पोहोचाल.