बायोनच्या धक्क्यावरचे दहा डॉलर आणि ३ नोव्हेंबरचे तीन लाख

निगडीहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६२. खासगी इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त, पत्नी ५८ वर्षांच्या, मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. पत्रातला मुख्य भाग असा:

"ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडे जातोय. तिथे बायोन बंदरातून सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. बोटीवर चढायच्या आधी दारातच हमाल सामान ताब्यात घेतात म्हणे. आमच्या पाच बॅगा होतील. मुलगा म्हणतो वीस डॉलर द्या, मेहुणे म्हणतात टिपचे पैसे आधीच भरलेत, काही देऊ नका. योग्य काय? डॉलर मोजकेच न्यायचे आहेत, कारण ३ नोव्हेंबरला बँकेच्या गॅरंटीड योजनेचा तीन लाखांचा दुसरा हप्ता खात्यातून आपोआप जाणार आहे. ती योजना घेतली म्हणूनच क्रूझचं धाडस केलं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, पुढे दरवर्षीची सहल यातूनच निघेल."

पत्राच्या शेवटी त्यांनी जमाखर्चही लिहिला आहे. बरं झालं लिहिला.

काका, आधी हमालांचं. तुमच्या मेहुण्यांचा घोळ नेहमीचा आहे. तुम्ही आधी भरलेली टिप बोटीवरच्या लोकांसाठी असते, म्हणजे केबिन साफ करणारे आणि जेवण वाढणारे. ती साधारण माणशी रोजची १६ ते २० डॉलर पडते. दोघांचे सात रात्रींचे अडीचशे डॉलरच्या आसपास झाले, डॉलर ९० रुपये धरला तर साडेबावीस हजार. त्यातला एक सेंटही धक्क्यावरच्या हमालाला जात नाही, कारण तो क्रूझ कंपनीचा माणूसच नसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांत हे गोदी कामगार संघटनेचे सभासद असतात आणि त्यांची मजुरी संघटनेच्या करारातून ठरते. पुण्यात हमाल पंचायत पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मजुरी ठरलेली असली तरी बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची तिथली रीत आहे. बॅग फारच जड असेल तर थोडे जास्त.

पाच बॅगांचे दहा डॉलर द्या. नऊशे रुपये. एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधीच सुट्या करून खिशात ठेवा, कारण गाडीतून उतरल्यावर मागे रांग असते आणि तिथे पन्नासची नोट काढून सुटे मागणं जमत नाही. केबिन नंबरचे टॅग घरीच छापून बॅगांना घट्ट लावा. हमालाच्या हाती दिलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, पैसे आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. ते सामान हमालाकडे जाताच कामा नये. चाकाच्या बॅगा स्वतः ओढत नेणार असाल तर टिपचा प्रश्नच येत नाही. पण पाच बॅगा आणि तुमचे गुडघे पाहता ते करू नका. परतताना उतरल्यावर हमाल घेतलात तर तेव्हाही असंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण तुमचं पत्र वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही.

निवृत्तीला पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४२ लाख आले. त्यातले ३ लाख योजनेच्या पहिल्या हप्त्यात गेले, साडेचार लाख या प्रवासात. उरले साडेचौतीस लाख, ते मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी पडलेत. घरखर्च महिना ३८ हजार. चिंचवडच्या छोट्या फ्लॅटचं भाडं येतं १५ हजार आणि पेन्शन ३ हजार. म्हणजे महिन्याला २० हजार कमी पडतात, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. हे पैसे त्या साडेचौतीस लाखांतूनच यायचे आहेत. दुसरा झरा तुमच्याकडे नाही.

आणि याच विहिरीतून दरवर्षी आणखी तीन लाख उपसायचं तुम्ही कबूल करून आलात, तेही आठ वर्षं.

तुम्ही योजनेचं कोष्टक पाठवलंत. आठ वर्षं तीन-तीन लाख, म्हणजे २४ लाख भरायचे. दहावं वर्ष संपल्यावर दरवर्षी तीन लाख मिळणार, पंधरा वर्षं, म्हणजे ४५ लाख. "जवळजवळ दुप्पट, तेही गॅरंटीड," असं त्या मॅडम म्हणाल्या. चोवीसचे पंचेचाळीस होतात हे खरं. पण किती वर्षांत, ते त्यांनी सांगितलं नाही. पहिला हप्ता तुम्ही बासष्टाव्या वर्षी भरलात. शेवटचे तीन लाख हाती पडतील तेव्हा तुम्ही ८६ वर्षांचे असाल. हप्ते कधी गेले आणि पैसे कधी आले हे मांडून परतावा काढला तर तो वर्षाला पाच टक्क्यांच्याही जरा खाली येतो. तुमच्या साध्या मुदत ठेवीपेक्षा कमी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात, दर तिमाहीला व्याज खात्यात, मागे सरकारची हमी. निवृत्त माणसासमोर ही योजना असताना बँकेच्याच टेबलावर त्याला पाच टक्क्यांची चोवीस वर्षांची विमा पॉलिसी विकली जाते, याचा मला संताप येतो. आणि ती 'ठेव' म्हणून विकली जाते. तुमच्या पत्रात 'विमा' हा शब्द एकदाही आलेला नाही. ही पॉलिसी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं मी समजतो.

पण परतावा कमी, हे यातलं छोटं दुखणं. मोठं पुढे आहे.

साडेचौतीस लाखांवर सरासरी आठ टक्के धरू, हल्ली मिळतात त्यापेक्षा दीड टक्का जास्तच. महागाई सहा टक्के, भाडं वर्षाला पाच टक्क्यांनी वाढेल असं धरू. घरखर्चाची तूट आणि योजनेचा हप्ता असे दोन्ही काढत गेलं तर तीन वर्षांनी शिल्लक २५ लाख, पाच वर्षांनी १७ लाख. उरलेल्या सात हप्त्यांतला शेवटचा भरून झाल्यावर सहा लाख. आणि ७१ व्या वर्षी शून्य. योजनेचे पहिले तीन लाख येणार ७२ व्या वर्षी. म्हणजे मधल्या काळात वाणसामान आणि औषधं मुलाकडून पैसे मागून आणायची. पुढे तीन लाख सुरू झाले तरी तोवर घरखर्चाची तूटच साडेचार लाखांवर गेलेली असेल. सहल तर सोडाच. तेव्हाचे तीन लाख म्हणजे आजचे पावणेदोन लाख.

आता तोच हिशेब दुसरा हप्ता न भरता. ७२ व्या वर्षी शिल्लक २७ लाख. पैसा ७८-७९ पर्यंत पुरतो. हा हिशेब करताना मी तुमचे गेलेले तीन लाख पूर्ण बुडाले असं धरलंय. एक रुपयाही परत आला नाही तरी थांबणंच फायद्याचं आहे. "तीन लाख वाया जातील" ही भीती मला माहीत आहे, माझ्यासमोर बसून अनेकांनी ती बोलून दाखवली आहे. तीन लाख वाचवायला आणखी एकवीस लाख घालायचे का, एवढंच स्वतःला विचारा.

एक बाजू तुमच्या वतीने मांडतो. पॉलिसीत ३० लाखांचं संरक्षण आहे. तुम्हाला काही झालं तर काकूंना ते मिळतील, आणि हा मुद्दा हलका नाही, कारण त्या तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. पण त्यासाठी तुम्ही जगलात तर दोघांनाही उघड्यावर आणणारा सौदा करायचा? काकूंचं खरं संरक्षण त्या साडेचौतीस लाखांत आणि चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आहे. फ्लॅटच्या कागदांवर त्यांचं नाव आहे का, तेही पाहा.

पॉलिसी घेऊन तीस दिवसांत ती बिनशर्त परत करता येते, ती मुदत केव्हाच गेली. पण तुमचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. पूर्वी अशा पॉलिसीत निदान दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय हाती काही येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पॉलिसीचं एक वर्ष पूर्ण झालं असेल तर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावीच लागते. तुमची पॉलिसी गेल्या नोव्हेंबरची, म्हणजे ३ नोव्हेंबरला वर्ष पूर्ण होतं. माझ्या ढोबळ हिशेबाने दीड ते दोन लाख परत यावेत. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागा. शाखेतल्या कुणाचं तोंडी उत्तर घेऊ नका.

अडचण तारखेची आहे. ३ नोव्हेंबरला तुम्ही मुलाकडे असाल आणि हप्ता खात्यातून आपोआप निघून जाईल. म्हणून निघण्याआधी शाखेत जाऊन ती ऑटो-डेबिटची परवानगी लेखी रद्द करा आणि विमा कंपनीलाही ईमेल करा. खात्यातले पैसे काढून हप्ता परत जाऊ देणं हा मार्ग नाही, त्याने फक्त दंड बसतो. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, रद्द व्हायला काही दिवस जातात. परवानगी रद्द केली म्हणून पॉलिसी लगेच मरत नाही, वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. नोव्हेंबरच्या मध्यात परत आलात की शांतपणे सरेंडरचा अर्ज द्या.

शाखेत गेलात की त्या मॅडम तुम्हाला खुर्ची देतील, चहा मागवतील आणि "आता सोडलंत तर फार नुकसान" म्हणतील. "निदान पाच वर्षं तरी भरा" असंही सुचवतील. वाद घालू नका, अर्जाची पोच मागा.

तक्रारही करा. ठेव सांगून विमा विकला, उत्पन्न पाहता हप्ता परवडणारा नव्हता, हे मुद्दे तारखांसह लिहून आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसीच्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागवून घ्या. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. अशा अर्जांत निवृत्त माणसाचं उत्पन्न बारा-पंधरा लाख लिहिलेलं मी पाहिलंय.

बाकी पैशांचं थोडक्यात. ज्येष्ठ नागरिक योजनेत २५ लाख, तुमचं नाव पहिलं आणि काकूंचं जोड. महिन्याला सतरा हजार सुटतात, तुमची वीस हजारांची तूट बहुतेक तिथेच भरते. साडेतीन लाख मुदत ठेवीत, दवाखान्यासाठी. उरलेले सहा लाख दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एकदम नाही, वर्षभरात थोडे थोडे. एकोणऐंशीच्या पुढची वर्षं, विशेषतः काकूंची, तिथून निघायची आहेत. वर्षाला पंधरा टक्क्यांची आशा मात्र धरू नका, मी दहा धरतो. मुदत ठेवी मोडताना किती व्याज कापलं जातं ते विचारा. थोड्या महिन्यांत संपणाऱ्या असतील तर संपू द्या.

आणि प्रवासाचा विमा. क्रेडिट कार्डाबरोबर फुकट मिळालाय म्हणून तुम्ही वेगळा घेतला नाहीत. तुम्हाला रक्तदाब आहे, तिथल्या दवाखान्याचं एका रात्रीचं बिल लाखांत जातं, बोटीवरच्या डॉक्टरचं बिलही थेट तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. इथून निघण्याआधी दोघांचा पूर्ण मुक्कामाचा विमा घ्या. क्रूझ त्यात आहे का, आधीपासूनच्या आजाराचं काय, बोटीवरून उचलून न्यावं लागलं तर खर्च कोण देणार, या तीन गोष्टी वाचून घ्या. यासाठी काही हजार गेले तर जाऊ द्या.

क्रूझ रद्द करायची का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण काकूंच्या मनात येईल. रद्द करू नका. पैसे भरून झालेत, चाळीस वर्षं नोकरी केलीत, मुलगा वाट पाहतोय. पुढची सहल पुढच्या पाच वर्षांत नको, एवढंच.

उद्या सकाळी शाखेत जा. रद्द केलेल्या परवानगीच्या अर्जावर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या, त्याचा फोटो मुलाला पाठवा. तो कागद हाती आला की मग सुट्या डॉलरच्या नोटांच्या मागे लागा.