नेहमीच्याच रंगाचा त्रास आत्ताच का?

प्रश्न : अनेक वर्षे मी एकाच पार्लरमध्ये, एकाच कंपनीचा रंग केसांना लावून घेत आहे. पुतणीच्या लग्नाआधी तो लावला आणि दुसऱ्या दिवशी रात्री टाळूला व कानांमागे विलक्षण खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. रंग नेहमीचाच होता, तुमच्या अंगात उष्णता वाढली असेल, असे पार्लरवाल्या ताई म्हणतात. सध्या खोबरेल तेल लावते आहे. पुढच्या वेळी अमोनियाविरहित रंग चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही रंगाची ॲलर्जी दिसते आणि तिचा उष्णतेशी संबंध नाही. काळ्या व गडद तपकिरी रंगांत बहुधा पॅरा-फेनिलिनडायअमिन, म्हणजेच पीपीडी हे रसायन असते. शरीर ते वर्षानुवर्षे निमूटपणे सहन करते आणि एखाद्या वेळी त्याला शत्रू मानू लागते. त्यामुळे रंग नेहमीचाच होता, हे पार्लरचे म्हणणे खरे असले तरी त्याने ॲलर्जी नाकारता येत नाही. लक्षणे एक-दोन दिवसांनी उमटणे आणि टाळूपेक्षा पापण्यांची नाजूक त्वचा अधिक सुजणे, हेही या विकारात नेहमी आढळते.

आज करावयाची गोष्ट एवढीच, की तेल थांबवावे, सौम्य शाम्पूने व भरपूर पाण्याने केस धुऊन उरलासुरला रंग काढावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पापण्यांपर्यंत सूज पोहोचली असता घरगुती उपायांवर दिवस घालवू नयेत, कारण अशा वेळी काही दिवस पोटातून स्टेरॉइड द्यावे लागू शकते आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. श्वास अडकू लागला, जीभ सुजली किंवा भोवळ आली, तर थेट १०८ क्रमांकावर फोन करावा.

आपल्या अखेरच्या प्रश्नाची मला अधिक काळजी वाटते. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही, असा होत नाही. आणि ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर टिकते, शिवाय पुढच्या वेळी त्रास अधिक लवकर व तीव्र होऊ शकतो. थोड्या वेळात केस काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही पुष्कळदा हेच रसायन मिसळलेले असते, कारण शुद्ध मेंदी केस तांबूसच करते. म्हणून सूज पूर्ण उतरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, पाठीवर पट्ट्या लावून केली जाणारी पॅच टेस्ट करून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष हाती येईपर्यंत कोणताही रंग लावू नये.

पार्लरच्या जबाबदारीविषयीही लिहिणे भाग आहे. पीपीडी असलेल्या रंगाच्या वेष्टनावर आधी चाचणी घेण्याची सूचना छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचून पाळणे हे व्यवसाय करणाऱ्याचे काम आहे, मग ग्राहक कितीही जुने असोत. रंगाचे नाव व वेष्टनाचे छायाचित्र पार्लरकडून आजच मागून घ्यावे, कारण डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल. चेहऱ्याची छायाचित्रे, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. उपचारांचा खर्च देण्यास पार्लरने नकार दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेवढ्याने न भागल्यास घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.